मोहळ उतरवणारे आणि मोहळ हलवणारे

भोकर हे आमच्या तालुक्याच्या गावाचे नाव, तसेच एका झाडाचेही नाव. उन्हाळ्याच्या तोंडाशी हे झाड बारीक पांढऱ्या फुलांनी भरते, पुढे त्याला चिकट गराची फळे धरतात आणि घरोघर त्यांचे लोणचे घातले जाते. फळ धरण्याआधी त्या फुलांवर माशी येऊन गेलेली असते, हे लोणचे खाताना कोणाच्या मनात येत नाही. इतिहासातही या माशीचे असेच झाले आहे. मराठवाड्याच्या इतिहासात निजाम आहे, मुक्तिसंग्राम आहे, कापूस आहे, दुष्काळ आहे. मधमाशी मात्र शोधावी लागते.

या लेखात तिचा माग काढायचा आहे. मी कीटकशास्त्रज्ञ नाही. गावोगावची वाचनालये, जुनी पुस्तके आणि पायपीट एवढ्या भांडवलावर गेली काही वर्षे हा विषय धरून आहे. त्याला कारण झाला तो एक साधा प्रश्न. तालुक्याच्या गावात पाण्याच्या टाकीला किंवा कचेरीच्या छज्जाला आग्या मोहळ लागले, तर बोलवायचे कोणाला? आज बहुतेक ठिकाणी फवारणीवाल्याला बोलावतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मोहळ उतरवणाऱ्याला बोलावत. पुण्यात हलवणाऱ्यालाही बोलावता येते. या तीन उत्तरांमागे मोठा इतिहास आहे.

माश्यांची ओळख

पुण्या-मुंबईकडे ‘मोहोळ’ म्हणतात, आमच्याकडे ‘मोहळ’. शब्द एक असला तरी माश्या एक नाहीत. आग्या माशी सर्वांत मोठी. ती उंच झाडाला, कड्याला, आता इमारतीला उघड्यावर एकच पोळे लटकवते. ते कधीकधी हातभर रुंद, कधी त्याहूनही मोठे असते आणि त्यावर हजारो माश्यांचा थर असतो. फुलोरी ही सर्वांत लहान मधमाशी. बोरी-बाभळीच्या काटक्यांत तिचे तळहाताएवढे पोळे असते, म्हणून त्याला काटेमोहळही म्हणतात. सातेरी अंधारात राहते. झाडाची ढोली, भिंतीतील पोकळी, वारूळ अशा जागी ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. चौथी पोयाची. तिला नांगी नसते. भिंतीच्या भेगेत राहून ती थोडासा आंबूस मध साठवते.

हा भेद आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना ठाऊक होता. चरकाने मधाचे चार प्रकार सांगितले, सुश्रुताने आठ. सुश्रुताच्या आठांतील ‘औद्दालक’ मध वारुळात राहणाऱ्या कीटकांचा मानला गेला आहे. म्हणजे मध कोणत्या जिवाने आणि कोठे केला यावरून त्याचे नाव ठरत असे. आज बाटलीवर नुसते ‘मध’ असते.

पुढचा सगळा इतिहास समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सातेरीला अंधारी पोकळी लागते, म्हणून ती पेटीत नांदते. आग्याला उघडी जागा लागते आणि ऋतू बदलला की ती गाव बदलते, म्हणून तिला पेटीत कोंडता येत नाही. ज्या माशीला पेटी मानवली तिच्याभोवती संस्था उभ्या राहिल्या. जिला मानवली नाही ती संस्थांच्या बाहेर राहिली आणि तिच्याबरोबर तिची माणसेही.

मध, मेण आणि रान

मोहळ उतरवणे ही माणसाची फार जुनी विद्या. मध्य प्रदेशातील पचमढी परिसरातील शैलचित्रांत शिडीवर चढून मध काढणारी माणसे रंगवलेली आहेत. आमच्या जवळचे रान म्हणजे किनवट-माहूरचे. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा रेल्वेमार्ग भोकर, हिमायतनगर, किनवट असा जातो. त्याच्या दोन्ही अंगांना सागाचे आणि मोहाचे जंगल, गोंड, कोलाम, आंध यांच्या वस्त्या. 1956 च्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते, तर आज तेलंगणात असलेले मुधोळ नांदेडमध्ये. जिल्ह्यांच्या रेषा माणसांनी बदलल्या. आग्या माशी त्या रेषांच्या दोन्ही बाजूंना येत-जात राहिली.

या रानात मेणाला मोठी किंमत होती. आदिलाबादकडचे ओझा कारागीर पितळेच्या मूर्ती, दिवे, घंटा ओततात. आधी मेणाच्या तारांनी आकार घडवायचा, त्यावर मातीचा लेप द्यायचा, भट्टीत मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. या डोक्रा कलेला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले. या कलेचा पाया मोहळाच्या मेणावर उभा राहिला. झाडावर चढणारा माणूस, मेण गाळणारी बाई आणि ओतकाम करणारा कारागीर अशी ती साखळी होती.

राज्यकर्त्यांनी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. ब्रिटिश मुलखात 1927 च्या वन कायद्याने जंगलातील मध आणि मेण यांना ‘वनोपज’ ठरवले. निजामाच्या राज्यातही राखीव जंगलाच्या रेषा गोंडांच्या दाराशी येऊन भिडल्या होत्या. त्या रोषातून कुमराम भीमचा उठाव झाला आणि 1940 मध्ये जोडेघाट येथे तो मारला गेला. त्यानंतर कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना त्या भागात पाठवले. उठाव जमिनीसाठी आणि जंगलासाठी होता, मधासाठी नव्हे. पण ज्या रानात पाऊल टाकायलाच परवानगी लागते, तेथे मोहळाची विद्या टिकणार कशी? पिढ्यान्पिढ्या रानातून मध-मेण आणणारा माणूस कायद्याच्या नजरेत चोर ठरू शकत होता. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने मध आणि मेण यांचा गौण वनोपजात नावानिशी उल्लेख केला आणि ते गोळा करण्याचा हक्क वनवासींना दिला. तोवर मधली दोन-तीन पिढ्यांची मुले मजुरीला लागली होती.

या जुन्या विद्येचे गोडवे गाताना तिची उणीवही सांगितली पाहिजे. मोहळ बहुधा रात्री, अंधाऱ्या पक्षात, टेंभ्याच्या धुराने आणि ठिणग्यांनी माश्या उधळून उतरवत. पोळे सबंध कापले जाई. त्यात मधाबरोबर अंडी-अळ्याही जात आणि असंख्य माश्या होरपळत. मोहळे भरपूर होती तोवर हे खपून गेले. तरीही उतरवणाऱ्याला माशीचा ऋतू कळत होता. ती कधी येते, कोणत्या झाडाला लागते, मध कधी भरतो आणि ती कधी उठते, हे त्याला पाठ होते. फवारणीवाल्याला यातले काहीच ठाऊक असण्याची गरज नसते.

पेटी आली ती डोंगरात

आधुनिक मधुमक्षिकापालनाचा पाया अमेरिकेत लॅंगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने 1851 मध्ये घातला. दोन पोळ्यांत ठरावीक बारीक अंतर सोडले की माश्या ते भरून टाकत नाहीत, या निरीक्षणावरून त्याने हलत्या चौकटींची पेटी केली. पोळे न मोडता मध काढता येऊ लागला. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी सातेरीच्या मापाची लहान पेटी तयार केली. ती न्यूटन पेटी म्हणून दक्षिणेत पसरली.

महाराष्ट्रात या कामाला विचारांचे बळ वर्ध्याहून मिळाले. 1934 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत इतर ग्रामोद्योगांबरोबर मधमाशीपालनही आले. संघाचे जे. सी. कुमारप्पा यांनी 1945 मध्ये ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिताना निसर्गातील अर्थव्यवस्थांच्या पायऱ्या मांडल्या. त्यांत मधमाशीला त्यांनी समूहासाठी झटणाऱ्या अर्थव्यवस्थेचे उदाहरण केले. मध गोळा करता करता ती झाडाचेही काम करून जाते, हा त्यातला मुद्दा.

प्रत्यक्ष काम वाढले ते महाबळेश्वरात. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा असे फुलोरे आणि सात-आठ वर्षांनी एकदम फुलणारी कारवी या डोंगरात होती, सातेरीही भरपूर. 1952 मध्ये तेथे मधमाशी संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली. मध उत्पादकांची सहकारी संस्था झाली आणि पेट्या घेऊन काम करणारी कुटुंबे तयार झाली. शास्त्रीय बाजूने महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीशी संबंधित डॉ. गो. ब. देवडीकर, चिं. वि. ठकार यांच्यासारखे अभ्यासक पुढे आले. देवडीकर, ठकार आणि शहा यांनी भारतीय मधमाशीच्या गुणसूत्रांवरचे संशोधन 1959 मध्ये प्रसिद्ध केले. 1 नोव्हेंबर 1962 रोजी खादी व ग्रामोद्योग आयोगाने पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन केली. संशोधन, पेटीचे माप, प्रशिक्षण आणि विक्री अशी सारी मांडणी सह्याद्रीच्या कुशीत झाली.

त्याच सुमारास पंजाबात, आजच्या हिमाचलमधील नगरोटा येथे, मेलिफेरा ही युरोपीय माशी यशस्वीपणे रुजवली गेली. सातेरीच्या पेटीतून वर्षाला पाच-सात किलो मध मिळाला तरी पुष्कळ. मेलिफेरा त्याच्या कितीतरी पट देते. म्हणून पुढे व्यापारी मधुपालन तिच्याकडे वळले. 1991-92 मध्ये दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूने सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मेल्या, तेव्हा हा कल आणखी वाढला.

मराठवाडा बाजूला का राहिला?

नांदेडला खादीची परंपरा नाही असे नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने उभी राहिलेली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वजाच्या कापडासाठी देशभर ओळखली जाते. खादी-ग्रामोद्योग या जोडशब्दातली खादी आमच्याकडे आली आणि रुजली. ग्रामोद्योगातला मध मात्र डोंगराकडेच राहिला.

याची कारणे निम्मी निसर्गाची आणि निम्मी माणसांची आहेत. सातेरीला थंडावा, पाणी आणि सलग फुलोरा लागतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती पेटी सोडून निघून जाते. आमच्या उघड्या माळावर टिकतात त्या आग्या आणि फुलोरी, आणि या दोघींनाही पेटी चालत नाही. दुसरे कारण असे की मुंबई राज्यात ग्रामोद्योगाची घडी बसत होती तेव्हा आम्ही हैदराबाद संस्थानात होतो. 17 सप्टेंबर 1948 नंतरची आठ वर्षे हैदराबाद राज्यात, मग चार वर्षे द्विभाषिक मुंबईत आणि 1960 नंतर महाराष्ट्रात. आम्ही आलो तेव्हा मधाचा नकाशा आखून झाला होता.

आग्याच्या मधासाठी पेटीऐवजी वेगळी रीत लागते, हे पुढे ओळखले गेले. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या एका कोपऱ्यात साठवलेला असतो आणि अंडी-अळ्या खालच्या भागात. अंगभर जाळीचा पोशाख घालून, मंद धूर देऊन, स्वच्छ सुरीने फक्त मधाचा भाग कापला तर मोहळ उठत नाही. माश्या तो भाग पुन्हा बांधतात आणि त्याच मोहळातून पुन्हा मध घेता येतो. विदर्भातील व इतर आदिवासी भागांत अशी प्रशिक्षणे झाली. ही रीत म्हणजे जुन्या विद्येतील ऋतुज्ञान आणि नव्या विद्येतील संयम यांचा मेळ आहे.

फुलांचे पंचांग

आता तालुक्याच्या गावाकडे वळू. आमच्या भागात फुलांचे एक पंचांग होते. पावसाळ्यात बाभूळ आणि तीळ, भाद्रपद-आश्विनात बोर, मार्गशीर्षात तूर, पौष-माघात करडई आणि आंब्याचा मोहर, फाल्गुनात पळस आणि काटेसावर, चैत्रात मोह, कडुनिंब आणि करंज, मृगाच्या आसपास चिंच. सूर्यफूल 1970 नंतर आले आणि लातूर-नांदेडकडे चांगलेच पसरले. सूर्यफुलाचे दाणे भरण्यासाठी माशी लागतेच.

गेल्या तीस वर्षांत हे पंचांग फाटत गेले. सोयाबीनने रान व्यापले. ते आपल्याच परागावर धरते. सूर्यफूल आणि करडई हटत गेली. 2002 नंतर बीटी कापूस आला आणि बियाण्यालाच कीटकनाशक चोळण्याची पद्धत रूढ झाली. त्यातील निओनिकोटिनॉइड गटाच्या तीन रसायनांच्या उघड्या शेतातील वापरावर युरोपीय संघाने 2018 मध्ये मधमाश्यांच्या कारणानेच बंदी घातली. बांधावरची बोर-बाभूळ जेसीबीने निघाली. खरीप संपले की शेतात माशीला बसायला फारसे काही उरत नाही.

गावात मात्र उरते. कॉलेजच्या आवारातले करंज आणि गुलमोहर, परसातला शेवगा, रस्त्याकडेचा कडुनिंब, कूलरखालचे पाणी, रसवंतीचा चोथा. उंच जागा हवी तर पाण्याची टाकी आणि मोबाइलचे टॉवर आहेतच. दिवाळीच्या सुमारास आग्या मैदानी मुलखात उतरते, ती आता अशा जागा धरते. लोक म्हणतात, माश्या गावात घुसल्या. मला वाटते, गावाबाहेर त्यांना आपण जागा ठेवली नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी एका इमारतीच्या छज्जावरचे आग्या मोहळ फवारून मारलेले मी पाहिले. सकाळी खाली माश्यांचा सडा पडला होता. झाडून टोपलीत भरावा लागला. पोळ्यातला मध दोन मुले बोटाने चाटत होती. त्या मधात रात्रीचे औषध उतरले असणार, हे त्यांना सांगणारे तेथे कोणी नव्हते. मी सांगितले तेव्हा त्यांनी हात धुतले आणि ती निघून गेली. ज्यांनी फवारायला लावले त्यांनाही दोष देता येत नाही. खाली लेकरे खेळत होती, आणि आग्या चवताळली तर जीवही जातो. त्यांना दुसरा कोणी माणूस माहीत नव्हता, एवढेच.

पुण्यातली वाट

असा दुसरा माणूस पुण्यात तयार झाला. त्याला कारण 1962 ची ती संस्था. तेथील प्रशिक्षण खेड्यांतील पालकांसाठी होते, पण शहरातील हौशी माणसेही तेथे शिकून बाहेर पडली. सॉफ्टवेअर अभियंता असलेले अमित गोडसे यांच्या सोसायटीतील मोहळ असेच मारले गेले. त्यानंतर ते या संस्थेत शिकले, नोकरी सोडली आणि ‘बी बास्केट’ नावाने मोहळे हलवण्याचे काम सुरू केले. मुंबईत विजया पास्तला यांनी 2009 मध्ये ‘अंडर द मॅंगो ट्री’ सुरू करून शहरातले मधाचे ग्राहक आणि सातेरी पाळणारे छोटे शेतकरी यांना जोडले.

हलवण्याची रीत माशीगणिक बदलते. सातेरीची पोळी अलगद कापून लाकडी चौकटीत दोऱ्याने बांधतात. राणी पेटीत गेली की बाकीच्या मागोमाग जातात आणि संध्याकाळी पेटी उचलतात. फुलोरीचे मोहळ फांदीसकट नेता येते. आग्याला पेटी नाही. तिच्यासाठी जागेला आडोसा करणे, लोकांना काही आठवडे दूर ठेवणे, ती ऋतू संपला की आपणच उठेल हे समजावणे आणि फारच धोका असेल तर अनुभवी माणसाकडून रात्री मंद धुराने उठवणे, एवढेच करता येते.

पाश्चात्त्य शहरांतील मधुपालन याहून निराळे. पॅरिसमध्ये ऑपेराच्या छपरावर पेट्या ठेवल्या गेल्या. न्यूयॉर्कने 2010 मध्ये मधमाश्या पाळण्यावरची बंदी उठवली. पुढे लंडनमध्ये पेट्या इतक्या झाल्या की त्यांच्यामुळे रानमाश्यांना फुले पुरत नाहीत, असा इशारा क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या 2020 च्या अहवालात दिला गेला. तेथे माणूस माशी विकत आणून गच्चीवर ठेवतो. आपल्याकडे माशी आपणहून गच्चीवर येते. तिला काय उत्तर द्यायचे एवढाच प्रश्न असतो. म्हणून शहरी मधुपालनाच्या नावाखाली गावोगाव परदेशी माशीच्या पेट्या वाटणे हा आपला मार्ग नव्हे.

भोकरपुरते

मे 2022 मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ झाले. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगाव आले आणि मग या योजनेच्या यादीत मराठवाड्याचीही नावे लागली: किनवटमधील भंडारवाडी, औंढा नागनाथमधील काकडदाभा, गंगाखेडमधील शेलमोहा. ज्या रानातून मध-मेण येत होते त्याच किनवटच्या रानाकडे ही विद्या आता पेटी आणि पोशाख घेऊन परत येते आहे. किनवट आमच्याच रेल्वेमार्गावर आहे. तेथे शिकलेली दोन-चार माणसे भोकर, हिमायतनगर, उमरी, मुदखेड एवढ्या गावांना पुरतील. त्यांना बोलावण्याची व्यवस्था आणि कामाचा मोबदला नगरपरिषदेने ठरवावा. अग्निशामक दलाचा क्रमांक भिंतीवर असतो तसा यांचाही असावा.

दुसरे काम आपल्यासारख्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचे आहे. आपापल्या गावातल्या मोहळांची नोंद ठेवावी: कोणत्या जागी, कोणती माशी, कोणत्या तिथीला आली, कधी उठली, त्या वेळी जवळपास काय फुलले होते. मोहळ उतरवणाऱ्या म्हाताऱ्यांना हे पाठ होते आणि त्यांतले काही अजून आहेत. त्यांच्याशी बोलून ते उतरवून घ्यावे. मी माझी वही सुरू केली आहे. तिच्यातली पहिली काही पाने किनवटच्या वाटेवरच्या अशाच एका वृद्धाने सांगितलेली आहेत. त्याला तारखा आठवत नव्हत्या, पण कोणते झाड फुलले की आग्या कोठे लागते, हे त्याने झाडामागून झाड सांगितले.